तिसऱ्या मुळाची लांबी

दाताच्या मुळाचं चित्र पाण्यातून वर येताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मिरजेच्या मार्केटमागच्या बोळात यांचा दवाखाना होता. दोन खोल्या आणि मागे एक न्हाणी. न्हाणीच्या झरोक्याला काळा कागद चिकटवून यांनी तिची डार्करूम केली होती. लाल दिव्यात मी एक्स-रेची फिल्म चिमट्यात धरून डेव्हलपरमध्ये हलवत राहायची. आधी नुसतं दुधी दिसायचं. मग कुठून तरी सावली यायची, सावलीला कड यायची, आणि दाढेची मुळं, त्यांत यांनी सरकवलेली बारीक सुई, सगळं हळूहळू वर यायचं. विहिरीत पडलेलं भांडं गळाला लागून वर यावं, तसं. बाहेर पेशंट आ करून बसलेला असायचा आणि हे हाक मारायचे, "काळोखेबाई, आली का फिल्म?"

माझं माहेरचं आडनाव उपाध्ये, सासरचं मगदूम. काळोखे हे फक्त त्या न्हाणीतलं आडनाव.

रूट कॅनालमध्ये सगळा खेळ लांबीचा असतो. दाताच्या पोटात नस असते. ती सुजली किंवा कुजली की काढायची आणि मोकळी झालेली नळी भरून टाकायची. पण नळी कुठं संपते ते डोळ्यांना दिसत नाही. अलीकडे थांबलं तर आत राहिलेला तुकडा पुन्हा कुजतो, पलीकडे गेलं तर सुई हाडात घुसते. त्यातही गंमत अशी, की मुळाचं टोक आणि नळीचा शेवट एका जागी नसतात. टोकाच्या किंचित अलीकडे नळी एकदम अरुंद होते. थांबायचं तिथं. त्या जागेला हे 'उंबरा' म्हणायचे. आपल्या बोटांना तो कळतो असा यांचा दावा होता, आणि बहुतेक वेळा माझी फिल्म त्याला दुजोरा द्यायची.

पुढे विजेचं यंत्र आलं. एक आकडा पेशंटच्या ओठाला लावायचा, दुसरी तार सुईला. सुई उंबऱ्यापाशी आली की विजेला होणारा विरोध एका ठरावीक आकड्यावर येतो आणि यंत्र वाजतं. हा आकडा सगळ्या माणसांत जवळजवळ सारखा असतो, याचं यांना फार नवल.

"विमल, हमाल असू दे नाही तर कलेक्टर," हे म्हणायचे, "उंबऱ्याचा आकडा एकच."

यंत्र आलं आणि फिल्मचं काम कमी झालं. मी झरोक्याचा काळा कागद काढला. न्हाणीत ऊन आलं आणि मला ती जागा परक्याची वाटली.

आता दवाखाना सुनेत्रा चालवते, आमची सून. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा, तशी तीही म्हणते. मुलगा वर्धन इंजिनियर आहे. कृष्णेच्या नव्या बांधावरच्या पाणीमोजणीच्या केंद्रात त्याची नोकरी. आणि यांना, डॉक्टर नेमिनाथ मगदूमांना, काही आठवत नाही. सुरुवातीला चष्मा हरवायचा. मग नावं, मग गल्ल्या हरवल्या. शेवटी मी हरवले. गेली काही वर्षं हे मला ताई म्हणतात. रागानं नाही, परक्या घरी पाणी मागताना म्हणतो तसं, अदबीनं. "ताई, ऊन आलं का अंगणात?" मी हो म्हणते. मग आम्ही अंगणात बसतो. हे भुईमुगाच्या शेंगा फोडतात, दाणे एका वाटीत आणि टरफलं दुसऱ्या वाटीत. यांच्या मनगटाला पट्टा आहे, हे कुठं आहेत ते तो वर्धनला कळवतो. कुठं जातच नाहीत, पण कळवतो.

त्या थंडीत यांची वरची दाढ सुजली. सांगता येत नव्हतं, पण जेवताना घास उजवीकडेच फिरवायला लागले. सुनेत्रानं तोंडात पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, नस जिवंत आहे अजून, पण टिकणार नाही. रूट कॅनाल करावं लागेल."

दवाखान्यात नेलं तर हे खुर्चीत बसेनात. खुर्चीच्या उजवीकडे जाऊन उभे राहिले, डॉक्टरच्या जागी, हात मागे बांधून. सुनेत्रानं हळूच दंडाला धरून फिरवलं. "मामा, आज तुम्ही पेशंट."

"कोण पेशंट?" हे म्हणाले, पण बसले.

सुनेत्राकडे नवं यंत्र आलं होतं. त्याचं कंपनीचं नाव लांबलचक, ती त्याला 'कान' म्हणायची. कान विजेचा विरोध मोजत नाही, तो नस ऐकतो. सुईतून अगदी मंद ठोके सोडतो. नळीच्या तळाशी असलेलं नसेचं जिवंत टोक ते ठोके उचलतं आणि मेंदूकडे पाठवतं. कपाळाला बांधलेली पट्टी मेंदूचं उत्तर टिपते. ठोका गेला कधी आणि उत्तर आलं कधी, एवढ्यावरून उंबरा किती दूर आहे ते कान सांगतो, केसाच्या जाडीचाही अंश चुकत नाही. बधिर करायचं औषधही त्यासाठी नवं आहे. ते दुखणं थांबवतं आणि स्पर्श जागा ठेवतं. मोजणी दोन-तीन मिनिटांची. त्याहून जास्त ठोके दिले तर नसेचं टोक भाजतं, आणि मोजून झालं की ती नस काढूनच टाकायची असते.

वरच्या दाढेला तीन मुळं असतात. सुनेत्रानं पहिल्या मुळात सुई घातली, टाळूकडच्या. सुईवर रबराची लाल टिकली असते. ती दाढेच्या एका कंगोऱ्याला टेकवतात आणि तिथून आत लांबी धरतात. पट्टीवर निळसर उजेड फिरायला लागला. मी पायाशी स्टुलावर बसले होते.

"काळोखेबाई," हे म्हणाले, "किती वेळ? पेशंटचं तोंड अवघडलं."

तोंडाला रबराचा पडदा होता, जिभेशी नळी होती. पण आ केलेल्या माणसांचं बोलणं ऐकण्यात माझा जन्म गेलाय. एक अक्षर चुकलं नाही माझं.

मी उठून जवळ गेले. यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, ओळखलं. भुवया किंचित वर गेल्या. मी दमलेली दिसले की जायच्या तशा.

"धुतलीस का?"

"धुतली," मी म्हणाले. "वाळत घातलीय."

"छान."

पट्टीवरचा उजेड थांबला आणि हे छताकडे बघायला लागले. त्या नजरेत पुन्हा कुणी नव्हतं. सुनेत्राच्या हातातली सुई तशीच राहिली होती. तिनं कसंबसं ते एक मूळ साफ केलं, आत औषध ठेवलं आणि दाढ तात्पुरती बंद केली. चावताना लागू नये म्हणून दाढ वरून थोडी घासली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला समजावून सांगितलं. भाकरी थापता थापता मी ऐकत होते.

"आत्या, दाताची नस मेंदूच्या देठात जिथं जाते ना, तिथं शेजारीच एक ठिपका आहे. निळा. खरंच निळा असतो, कापून पाहिला तर. सगळ्या मेंदूला जागं ठेवायचं काम त्याचं. मामांच्या आजारात तोच आधी विझायला लागतो."

"आणि तुझ्या कानानं तो पेटवला?"

"फुंकर घातली म्हणा. राखेत थोडा निखारा असेल तर लाल होतो, पण लाकूड नवं येत नाही. कंपनीला विचारलं मी. एकदोन ठिकाणी असं झालंय म्हणाले. अभ्यास चालू आहे म्हणाले."

"अजून दोन मुळं आहेत."

"आहेत," ती म्हणाली. "पण नस निघाली की ते दार बंद, आत्या. एका मुळाला एकदाच."

त्या आठवड्यात माझा पाय जमिनीला लागत नव्हता. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. लग्नाच्या मुलीला कुणी बघायला येणार असावं तशी मी त्या वयात साडी निवडली, यांना आवडायची ती, चटणी रंगाची. अंगणात यांच्याशेजारी बसले की वाटायचं, हे नुसते पलीकडच्या खोलीत आहेत. लाल दिवा लावून कुणी तिथं काम करतंय आणि मला दाराबाहेर थांबायला सांगितलंय.

दुसऱ्या मुळाच्या वेळी मी आधीच उशाशी उभी राहिले. उजेड फिरला. यांनी डोळे मिटून उघडले, पडद्याआडून जिभेनं दाढ चाचपली आणि पहिला प्रश्न सुनेत्राला केला.

"कंगोरा घासलास का?"

सुनेत्रा दचकली. "हो मामा. चावताना लागत होतं म्हणून."

"आधी मोजलंस, मग घासलास?"

तिनं जीभ चावली.

"म्हणजे टाळूकडच्या मुळाची लांबी गेली. ज्या कंगोऱ्यावरून धरलीस तोच राहिला नाही. त्या आकड्यानं भरलीस तर उंबऱ्याच्या पलीकडे जाशील." यांना मजा वाटत होती, आवाजावरून कळत होतं. "यंत्र शेवट सांगतं, पोरी. सुरुवात कुठून धरली ते आपण लक्षात ठेवायचं."

सुनेत्रा हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी चूक दवाखान्यात शिकायला येणाऱ्या पोरी करतात. तिला हे तिच्या पहिल्या वर्षी असंच बोलले होते.

मग हे माझ्याकडे वळले. "आण्णा आले का गं?"

आण्णा म्हणजे यांचे थोरले भाऊ. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. खांदा यांनीच दिला होता.

"येतील," मी म्हणाले.

पण हे तोवर स्वतःच्या हाताकडे बघत होते. कातडी सैल पडलेली, तिच्यावर तपकिरी डाग. हात उलटा केला, सुलटा केला. "हा माझा हात?" मग माझ्या केसांकडे पाहिलं. हुशार माणूस. हिशेब करायला किती वेळ लागणार? "आण्णा गेले ना, विमल?"

मी मान हलवली. आणि हे रडले, आज बातमी आल्यासारखे, आ केलेल्या तोंडानं. रबराचा पडदा थरथरत होता. मी यांचा हात धरून ठेवला. जुळवून ठेवलेल्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. उजेड थांबला तेव्हा गालावरचं पाणी ओलंच होतं, आणि ते कशाचं आहे हे यांना माहीत नव्हतं.

घरी आल्यावर हे शांतपणे शेंगा फोडत बसले. मी मात्र आत जाऊन सुनेत्राला म्हणाले, "शेजारची दाढ आहे ना, छोटी. तीही उघड."

तिला आधी कळलंच नाही. "कुठली? ती चांगली आहे."

"म्हणूनच. नस जिवंत असेल."

"आत्या, चांगला दात?"

"दोन मुळं असतात कधी कधी तिला. दोन वेळा बोलतील. त्यानंतर पुढचे दात आहेत."

"मामांनी आयुष्यात चांगल्या दाताला हात लावला नाही. पेशंट पैसे घेऊन मागे लागले तरी. तुम्हीच सांगता ना?"

"ते पेशंटचे दात होते. हे माझं माणूस आहे."

आम्ही जैन, रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे कुणी थांबत नाही, सूर्य बुडायच्या आत ताटं उचललेली असतात. त्या संध्याकाळी वर्धन घास घेता घेता म्हणाला, "सुनेत्रा, काय फरक पडतो? या वयात एका दातानं काय होतंय? आईला दोन शब्द ऐकायला मिळतात."

"तुझ्या तोंडातला असता तर विचारलं असतंस का, काय फरक पडतो म्हणून?"

"माझ्या तोंडातला घे की मग."

"तुझ्या दातातून मामा बोलतील का?"

वर्धन उठून गेला. दोन दिवस नवराबायकोत अबोला. आमच्या घरात तो नवा होता, आणि मी घडवून आणलेला. मला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. खरं सांगायचं तर, मला यांचं रडणंसुद्धा हवं होतं. कुणीतरी परका माणूस अदबीनं ताई म्हणतो, त्यापेक्षा माझं नाव घेऊन रडणारा परवडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्रा माझ्या खोलीत आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "उघडते मी. पण दात मामांचा आहे. तिसऱ्या मुळाला जागे झाले की तुम्ही त्यांना विचारायचं. हो म्हणाले तर उघडेन. नाही म्हणाले तर पुन्हा विषय नाही."

"ती दोन मिनिटं विचारण्यात घालवू?"

"हो," ती म्हणाली. "दुसरं कोण विचारणार?"

तिनं मागितलं ते बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडले. पण कबूल झाले.

तिसरं मूळ सगळ्यांत बारीक आणि वाकडं. सुनेत्राचे डोळे सगळा वेळ पडद्यावरच्या आकड्यांवर होते, लाळ ओढणारी नळी घरघरत होती. मी माझा कान यांच्या ओठांपाशी नेला. उजेड फिरायला लागला.

"विमल," हे म्हणाले. "ही साडी अजून आहे?"

"आहे. अहो, ऐका. वेळ थोडा आहे. तुमची शेजारची दाढ उघडायची का?"

"दुखतेय?"

"नाही."

"मग?"

"उघडली की तुम्ही असे जागे होता. माझ्याशी बोलता. एरवी नाही बोलत."

यांची नजर साडीवरून माझ्या चेहऱ्यावर आली. मग डोळ्यांत ती जुनी मिस्किली आली. "म्हणजे दुखतंय तुला, आणि दात उघडायचा माझा?"

मला हसू आलं. किती वर्षांनी, ते मी मोजलं नाही.

"एरवी मी कसा असतो?" यांनी विचारलं.

"बरे असता. अंगणात बसता. शेंगा फोडता."

"ओरडतो? घाबरतो?"

"नाही. मला ताई म्हणता."

"आणि तू?"

"मी ओ देते."

हे पुन्हा आपल्या हाताकडे बघायला लागले. तोच हात, तेच डाग. मी पाहिलं, मान आखडली, बोटांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. कळत होतं यांना. हा हात किती वर्षांचा, कोण कोण राहिलं नसेल, सगळं पुन्हा चढत होतं वर. आणि ते सगळं गिळून, माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "तुला हवं असेल तर उघड. माझं काय जातंय?"

जन्मभर जे कुणासाठी केलं नव्हतं, ते यांनी देऊन टाकलं. दांड्यावरची बोटं पांढरी झाली होती. मी माझा हात त्यांवर ठेवला आणि ती सुटी होईपर्यंत धरून राहिले. मग उजेड थांबला आणि ती आपोआप सैल झाली. चेहऱ्यावरची एकेक रेघ उतरत गेली. सगळं नितळ झालं.

सुनेत्रानं घरघरणारी नळी बंद केली. "आकडा आला. सरळ उंबऱ्यावर." मग वळून म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही. काय म्हणाले?"

खिडकीतून ऊन येत होतं. मार्केटमध्ये कुणीतरी सतार जुळवत होतं, एकच तार पुन्हा पुन्हा. मी यांच्या कपाळावरची पट्टी सोडली. तिचा वळ उठला होता, त्यावरून अंगठा फिरवला.

"नाही म्हणाले," मी म्हणाले.

"नक्की, आत्या?"

"चांगल्या दाताला हात लावायचा नाही म्हणाले. तू भर आता ही दाढ. तिन्ही मुळं भरून टाक. आणि टाळूकडचं मूळ नव्यानं मोज, तुझ्या साध्या यंत्रानं."

तिनं पडद्यावरचा आकडा लिहून घेतला. मग मान हलवली आणि तिसऱ्या मुळातली नस बाहेर काढली. पांढऱ्या कापसावर ठेवली तेव्हा ती एवढीशी दिसली, ओल्या दोऱ्यासारखी.

भरून झाल्यावर यांनी चूळ भरली. थोडं पाणी हनुवटीवरून शर्टावर ओघळलं. मी पदरानं पुसलं. हे उठले, खुर्चीच्या उजवीकडे जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून रिकाम्या खुर्चीकडे बघत.

"ताई," हे म्हणाले, "तुमचा नंबर आहे का आता?"

"हो," मी म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

यांनी दिवा माझ्याकडे वळवला, माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि वाकून पाहिलं. बोटं गार होती, आणि जराही थरथरत नव्हती.

"आ करा," हे म्हणाले. "घाबरू नका."